गाऱ्हाणेसरांचा नवस

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाच्या सरांना समोर उभ्या असलेल्या माणसाशी बोलता येत नसे. मुके नव्हते. आवाज तर असा, की मैदानाच्या या टोकाला खाकरले तर त्या टोकाच्या गोलात मी दचकायचो. पण मुलं ओळीत उभी करून ‘तू इकडे जा, तू तिकडे थांब’ एवढं सांगायची वेळ आली की सरांची जीभ टाळ्याला चिकटायची. गळ्यातल्या शिटीशी खेळत, डोक्यावरची टोपी काढून परत घालत ते म्हणायचे, “हां… म्हणजे… तशें करूया. समजलें मरे?” आम्ही माना डोलवायचो. कोणाला काही समजलेलं नसे, आणि ते सरांनाही ठाऊक असे.

देवाशी मात्र त्यांचं बोलणं धो धो वाहायचं. सरांचं घर तेरेखोल नदीच्या काठावरच्या एका गावात. तिथल्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराण्याकडे. जत्रा असो, शिमगा असो, कोणाची गाय दूध देईनाशी झालेली असो, सरांचे वडील नारळ ठेवून हात जोडत आणि अख्ख्या गावाचं दुखणं देवाच्या कानावर घालत. वडिलांमागून तो मान सरांकडे आला. मॅचच्या आधी प्रशिक्षकानं जे चार शब्द सांगायचे असतात, ते मग सरांनी सरळ गाऱ्हाण्यातच बसवून टाकले. आमचे डावपेच आधी देवाला कळत आणि मग आम्हाला.

कॉर्नरच्या झेंड्यापाशी नारळ ठेवला जायचा. आम्ही अर्धवर्तुळ करून उभे. सर टोपी काढत, डोळे मिटत, आणि तोच मघाचा अडखळणारा माणूस उंचीला वीतभर वाढल्यासारखा दिसायचा.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही.

“आज हीं जीं तुजीं लेकरां बूट घालून हयसर उबीं आसात, तांची हाक तुज्या कानार पडूं दी, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“फुडल्या टीमचो तो धा नंबर डाव्या पांयान मारता. आमच्या साव्योक ताच्या फाटल्यान सावली कशी रवपाची बुद्द दी, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आनी आमचो बाबलो बॉल मेळटकच एकटोच धांवता. ताचे दोळे उगड. बाजूक आनीक धा मनीस आसात, ते ताका दिसूं दीत, म्हाराजा!”

या शेवटच्या मागणीला ‘व्हय म्हाराजा’ सगळ्यात जोरात उठायचं. बाबलो स्वतःही बेंबीच्या देठापासून ओरडायचा आणि पाचव्या मिनिटाला बॉल मिळाला की एकटाच धावत सुटायचा. एकदा एक नवखा रेफ्री घड्याळ दाखवत, तावातावानं आमच्याकडे आला. सरांचे डोळे मिटलेले. तो दोन वाक्यं ऐकत थांबला, तिसऱ्याला त्याचेही हात जोडले गेले आणि निघताना आमच्याबरोबर ‘व्हय म्हाराजा’ म्हणून गेला.

गाऱ्हाणेसर हे नाव त्यांना कोणी ठेवलं माहीत नाही. मी कॉलेजात आलो तेव्हा ते होतंच. साव्यो आमचा मधल्या फळीतला खेळाडू, हरमलचा, घरी रोज तेर्स, म्हणजे माळेची ख्रिस्ती प्रार्थना, म्हणणारा. पहिल्या मॅचला तो जरा लांब उभा राहिला. सरांनी डोळे न उघडताच गाऱ्हाण्यात भर घातली, “आनी साव्योचे सायबिणी माये, तूंय हयसर कान दी!” त्या दिवसापासून साव्यो नारळाच्या सगळ्यात जवळ. सर एखाद्या दिवशी सायबिणीला विसरले तर तो खोकून आठवण करून देई.

रागावायचं असलं तरी सरांचा तोच रस्ता. बाबलो मूळचा शिरगावकडचा, वडील खाणीवरचा ट्रक चालवत, आणि तो पेडण्याला मामाकडे राहून शिकायचा. मामाकडे लाड फार, त्यामुळे सकाळच्या प्रॅक्टिसला तो उगवायचा तेव्हा आमचं घाम पुसून झालेलं असे. सर त्याला कधी एक शब्द बोलले नाहीत. पाठ फिरवून, गोलच्या खांबाकडे तोंड करून, पण सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, “देवा, बाबल्याच्या मामाच्या घरांतलो पंखो बंद पडूं दी.”

आणि कौतुकही त्याच वाटेनं यायचं. मी गोलकीपर आणि कप्तानही. मी कितीही उड्या मारून बॉल अडवला तरी सरांनी माझी पाठ थोपटलेली मला आठवत नाही. पण पुढच्या मॅचच्या गाऱ्हाण्यात हळूच यायचं, “आमचो गोलकीपर फाटल्या मॅचीक बरो उडलो. ताका आजूय तसोच उडय, म्हाराजा.” मला आयुष्यात पुढे बँकेत बढती मिळाली, साहेबांनी सगळ्यांसमोर हात मिळवला, पण त्या एका वाक्यानं कान तापायचे तसे पुन्हा तापले नाहीत.

देवाखालोखाल सर बोलत ते नुस्त्याशी. नुस्तं म्हणजे मासळी. मासळी हा शब्द आमच्याकडे फक्त पेपरात छापून येतो. माझी आई पेडण्याच्या बाजारात नुस्तं विकते, आणि बाबा मोरजीच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे मोठं जाळं, ओढणाऱ्यांतले. त्यामुळे सरांची ही बाजू मला घरबसल्या कळायची. आईच्या पाटीवरचं फडकं निघालं की सर समोर उभे. भाव विचारण्याआधी वाकून एखाद्या बांगड्याला म्हणायचे, “किदें रे बाबा, काल सांजे मेरेन दर्यांत आशिल्लो मरे?” मग त्याची चौकशी, त्याच्या शेजाऱ्याची चौकशी. आई सांगायची, “तुज्या सरांक माणसां कडेन उलोवपाक लज दिसता, बांगड्या कडेन दिसना.” आई चांगलं काही आलं की सरांसाठी पानाखाली झाकून ठेवायची आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची की हे विकायचं नाही.

प्रॅक्टिसमध्येही नुस्तं यायचंच. आम्ही सगळे बॉलमागे घोळका करून धावत सुटलो की सर आभाळाकडे बघत, “देवा, तारल्यांचो थवो कसो एकठांय वळटा, एकामेकाक आपटना. तें ह्या गाढवांक शिकय.” दुपारी डबा उघडला की तळलेल्या बांगड्याचा वास स्टाफरूममधून थेट प्राचार्यांच्या खोलीपर्यंत जायचा, आणि प्राचार्य शाकाहारी. सरांच्या नोकरीत कोणी कधी खोट काढली असेल तर ती एवढीच.

आता त्या हंगामाचं सांगतो. माझं कॉलेजातलं शेवटचं वर्ष. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा कप आमच्या कॉलेजानं कधी जवळून पाहिलेलासुद्धा नव्हता. पहिल्या दोन फेऱ्यांत घरी परतायची आमची रीत. त्या वर्षी पहिली मॅच श्रावणाच्या अखेरीला आली. श्रावण लागला की आमच्याकडच्या हिंदू घरांतून नुस्तं जे बंद होतं, ते थेट चवथ, म्हणजे गणपती, पार पडल्यावरच परत येतं. या दिवसांत माणसाच्या मनाची मोठी गंमत होते. सुरुवातीला जीव कासावीस होतो, पण अळू, भेंडी, मिसळभाज्यांचं खतखतं खात महिना काढला की आपण आता साधू झालो, आपल्याला कशाचीच ओढ उरली नाही, असं ज्याला त्याला वाटू लागतं. श्रावणाच्या अखेरीला माणसानं कसलीही शपथ घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते त्या मॅचमुळे झालेलं आहे.

हाफ-टाइमला आम्ही दोन गोलांनी मागे होतो. सर नारळ घेऊन आले. मधल्या वेळेत गाऱ्हाणं घालायची पद्धत नव्हती, पण त्या दिवशी त्यांना राहवलं नाही. आवाज चढत गेला, चढत गेला, आणि एका उंचीवर सर म्हणून गेले, “कप ह्या कॉलेजांत येय मेरेन हांव नुस्त्याक हात लावचो ना, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही सवयीनं गरजलो.

गरजलो, आणि कप येईपर्यंत सरांचं नुस्तं बंद, याला आपण व्हय म्हटलं हे मग कळलं. सरांचे डोळे उघडले होते. बांबोळीच्या इस्पितळात नेताना माणसं ज्या नजरेनं घराकडे बघतात, त्याच नजरेनं ते आमच्याकडे बघत होते. पण गाऱ्हाण्याचा कायदा पक्का असतो. मागणाऱ्यानं म्हटलं आणि जमलेल्यांनी व्हय म्हटलं, की ते झालं. त्यात मागाहून बदल नाही. सरांनी टोपी घातली आणि रेफ्रीनं शिटी वाजवली.

देवानं आपली बाजू ताबडतोब उचलली. दुसऱ्या अर्ध्यात बाबल्यानं चक्क पास दिले आणि आम्ही ती मॅच तीन-दोननं जिंकलो.

चवथ झाली, गणपती पोचवले, आणि बाजारात नुस्तं परत आलं. हा दिवस ज्यानं आमच्याकडे पाहिलेला नाही, त्याला काय सांगू. माणसं पिशव्या घेऊन धावतात, एकमेकांना ओळख देत नाहीत. आईनं सरांसाठी दोन मोठे, चकचकीत बांगडे पानाखाली ठेवले होते. सर सवयीनं आले, फडकं निघालं, वाकले, आणि तसेच वाकलेले राहिले. मग बांगड्याला म्हणाले, “तूं बरो आसा मरे?” आणि शेजारच्या भाजीवालीकडून दोडकी घेऊन गेले.

त्या दिवशी आई घरी आली ती माझ्या नावानं बोटं मोडत. “सरांच्या तोंडांतल्यान उतर गेलें तें गेलें. पूण तुमी सगळ्यांनी कित्या व्हय म्हटलें? तुमकां ना म्हणपाची जीब नाशिल्ली?”

“आये, गाऱ्हाण्यांत ना म्हणूक जायना.”

“जाल्यार आतां कप घेवन ये. ना जाल्यार सरां मुखार पाटी उगडपाक म्हाका लज दिसतली.”

सरांच्या घरचे हाल वेगळेच. काकींना, म्हणजे सरांच्या बायकोला, नुस्त्याशिवाय घास उतरायचा नाही, पण नवऱ्यासमोर तळून खायचं तर मन होईना. त्या शेजारणीकडे जेवून यायच्या, हातांना दोनदा साबण लावायच्या, तरी सर जवळून जाताना कोळंबीच्या वासानं थबकायचे आणि विचारायचे, “आज सुंगटां आशिल्लीं?” एकदा मी काही निरोप द्यायला घरी गेलो, तर काकींनी मला ओट्यावरच गाठलं. “रे बाबा, बेगीन कितेंय करात. हे रातीं न्हिदेंत ‘तळ, तळ’ म्हणटात.”

सरांचा नवस तालुकाभर झाला. ज्याच्या परसात जे पिकलं ते सरांच्या दारात येऊ लागलं. कोणी दुधी आणला, कोणी नीरफणस, कोणी डोंगरावरची अळमी. सरांचा डबा आता वासाचा राहिला नव्हता. एकदा मैदानाच्या कडेला बसून डबा उघडला, आत खतखतं. त्याच्याकडे बघत म्हणाले, “पोट भरता गा तूं. ना म्हणना हांव. पूण मन तसेंच उपाशी उरता.” डब्याशी बोललेलं हे वाक्य आम्ही ऐकलं, आणि खरं सांगतो, आमच्या जिवाला लागलं. त्याआधी आम्ही कॉलेजसाठी खेळत होतो, म्हणजे फारसे कोणासाठीच खेळत नव्हतो. त्यानंतर सरांच्या ताटासाठी खेळू लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मैदानावर पोचलो तर बाबलो आधीच हजर. धुकं होतं, आणि त्यात तो एकटा गोलभोवती चकरा मारत होता. मामाचा पंखा बंद पडला काय विचारलं तर म्हणाला, “ना रे. काल दनपारां मामीन बांगडे तळ्ळे. म्हाका गिळूंक जावंक ना.” बाबलो आता पास देऊ लागला. दिलेला पास परत आला की त्याच्या चेहऱ्यावर असं आश्चर्य असायचं, जणू उसनं दिलेलं कोणी पहिल्यांदाच परत केलं. आम्ही जिंकत गेलो. बाजारातल्या नुस्तेकारणी रोज आईला विचारत, “सरांचो कप खंय पावलो गो?” आणि आई पेपरवाल्यांसारखी सविस्तर बातमी देई.

सेमी-फायनल डिचोलीला होती. पेडण्याहून टेम्पो भरून बायका आल्या. माझ्या आईनं मला खेळताना पाहिलेलं ते पहिलंच. तिला ऑफसाइड कळत नव्हतं, फाऊल कळत नव्हता, पण बॉल आमच्या बाजूला आला की ती आणि तिच्या मैत्रिणी एका सुरात “नुस्तें! नुस्तें!” म्हणून असा गिल्ला करायच्या, की समोरचा फॉरवर्ड थांबून आजूबाजूला बघायचा. बाजारात एकमेकींची गिऱ्हाइकं पळवणाऱ्या या बायका त्या दिवशी गळ्यात गळे घालून नाचल्या. आम्ही एका गोलनं जिंकलो. साव्योनं मारला तो गोल. पेडण्याला परत येईपर्यंत टेम्पोत गाणी चालू होती, आणि पुढच्या सीटवर सर पट्ट्याला नवं भोक पाडत बसले होते, कारण विजार कमरेवर राहत नव्हती.

फायनल म्हापशाला झाली. मी त्या मॅचबद्दल फार लिहिणार नाही. एक-एक अशी बरोबरी राहिली आणि पेनल्टी आल्या. मी त्यांची एक अडवली. आमचीही एक त्यांच्या गोलकीपरनं अडवली. शेवटची बाबल्याची. सबंध हंगामात सगळ्यात जास्त गोल त्याचे, तेव्हा दुसऱ्या कोणाचं नाव सुचणंच शक्य नव्हतं. बाबलो धावत आला आणि बॉल दांडीवरून, जाळीवरून, मागच्या माडांत गेला.

आमच्या बायकांच्या बाजूला एवढी शांतता मी बाजारात श्रावणातसुद्धा पाहिलेली नाही. बाबलो आहे तिथंच गवतावर बसला आणि त्यानं तोंड शर्टात घातलं. कप दुसऱ्यांच्या हातात गेला, फोटो झाले. सर नारळ घेऊन बाबल्याकडे चालत आले. आम्हाला वाटलं, आज तरी याच्या खांद्यावर हात ठेवतील. ते त्याच्या शेजारी उभे राहिले, टोपी काढली आणि डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा. पोरां बरीं खेळ्ळीं. तुवें पळयलां.”

शेवटी साव्योनं एकट्यानंच म्हटलं, “व्हय म्हाराजा.”

“बाबल्याचो बॉल वयर गेलो तो तुजेकडेनच आयला. सांबाळून दवर, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” आता आम्ही चार-पाच जण.

“आनी आज रातीं ह्या पोराक न्हीद पडूं दी.”

या वेळी सगळ्यांनी म्हटलं, आणि आमच्या बाजूच्या बायकांनीही.

तो नवस सरांच्या गळ्यात तसाच राहिला, आणि आम्हाला ते बघवेना. तेव्हा आठवडाभरात आम्ही सगळे सरांना न सांगता त्यांच्या गावच्या देवळात गेलो, कौल लावायला. गुरवानं देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर देवानं सरांना नवसातून मोकळं केलं, डावी पडली तर नाही. गाऱ्हाणं घालायची पाळी कप्तान म्हणून माझ्यावर आली. मी जेमतेम दोन वाक्यं म्हणालो, त्यात दोनदा चुकलो. पण देवाला घाई असावी. साव्यो मंडपाच्या खांबाला टेकून डोळे मिटतो न मिटतो तोच उजवी पाकळी पडली.

आम्ही धावतच सरांच्या घरी. आई टोपलीत बांगडे घेऊन आधीच ओट्यावर बसली होती. तिचा देवावर माझ्यापेक्षा जास्त भरवसा. काकींनी तवा चढवला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग टोपलीपाशी उकिडवे बसले आणि बांगड्यांना म्हणाले, “देवान सोडलो, बरें केलें. देव बरोच. पूण हांव तुमकां खावंक लागलों जाल्यार फुडल्या वर्सा सकाळीं कोण उठटलो? बाबलो धुंवरांत धांवलो तो म्हज्या उपासाक लागून. शिटयेक लागून न्हय.”

“सर, पूण देवाचो कौल—”

“तुमी फाटीं वचात,” सर बांगड्यांनाच म्हणाले आणि उठले. गिऱ्हाइकाशी वाद घालण्यात आईचा हात धरणारं कोणी नाही, पण त्या दिवशी तिनं सरळ टोपली उचलली.

मी परीक्षा देऊन बाहेर पडलो आणि फोंड्याला बँकेत लागलो. साव्यो जहाजावर गेला. बाबलो शिरगावला परतला, वडिलांचा ट्रक चालवू लागला आणि पेडण्याकडे फिरकलासुद्धा नाही. पुढच्या वर्षी नवी पोरं सेमी-फायनललाच हरली. त्याच्या पुढचा हंगाम सरांचा शेवटचा होता, त्यानंतर ते निवृत्त होणार होते. म्हणजे आता कप आला तर आला. नाही आला तर या माणसानं नुस्तं कायमचं सोडलं म्हणून समजायचं, कारण दुसऱ्या प्रशिक्षकाच्या कपावर स्वतःचा नवस फेडण्यातले ते नव्हते. फोंड्याच्या बँकेत बसून मी त्या हंगामातल्या प्रत्येक मॅचचा निकाल आईकडून घेत होतो आणि गिऱ्हाइकांना उलट्या बाजूनं पासबुकं परत देत होतो.

फायनलच्या संध्याकाळी आईचा फोन आला. मागे एवढा गोंगाट, की मला काही ऐकू येईना. मग ती ओरडली, “आयलो रे! कप आयलो! पेनल्टीर!” आणि रडू लागली. त्याच श्वासात म्हणाली, “आज सोमार. फाल्यां ये.” सोमवारी सर नवस नसतानाही नुस्तं खात नसत. एवढी वाट पाहिलेल्या माणसाला देवानं आणखी एक दिवस ताटकळत ठेवलं.

मंगळवारी मी रजा टाकली. आदल्या रात्री बाबांनी सगळ्या रापणकरांना सांगून ठेवलं होतं की पहिलं नुस्तं सरांचं. सरांच्या अंगणात नवा संघ कप मधोमध ठेवून बसला होता. ती पोरं हसत होती, एकमेकांना ढकलत होती, आणि मला त्यांचा हेवा वाटला, अगदी मनापासून. ज्या ताटासाठी आम्ही धावलो ते त्यांनी वाढलं. मी कोपऱ्यात उभा राहिलो. तेवढ्यात फाटकाशी ट्रकचा आवाज झाला. बाबलो होता. आईनंच त्याला निरोप धाडला होता. आत येईना, फाटकाची कडी धरून उभा. साव्यो व्हिडिओ कॉलवर होता, तो माझ्या फोनमधून ओरडला, “बाबल्या, भितर वच रे!”

पाट मांडले. काकींनी तव्यावरचे बांगडे आणून सरांच्या ताटात ठेवले. सरांनी हात जोडले, डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा. पयलो कुडको बाबल्याचो.”

नवी पोरं एकमेकांकडे बघू लागली. त्यांना बाबलो कोण ते माहीत नव्हतं.

“तो त्या दिसा चुकलो, तेन्ना सावन हांव दर प्रॅक्टिसीक पेनल्टी मारूंक लायतां. काल हीं पोरां पेनल्टीर जिखलीं. तेन्ना पयलो मान ताचो, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!” नव्यांनी म्हटलं, आम्हीही म्हटलं, फोनमधून साव्योनं म्हटलं. बाबल्यानं पुढे येऊन, खाली मान घालून तो तुकडा खाल्ला आणि भिंतीला पाठ लावून बसला.

मग सरांनी स्वतः घास घेतला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत. सरांनी दोनदा चावलं, थांबले, आणि एकदम त्यांचा चेहरा लाल झाला. घशात काटा! पेडणे तालुक्यातला सगळ्यात मोठा नुस्तेखाऊ, आणि त्याच्या घशात बांगड्याचा काटा! काकींनी भाताचा मोठा गोळा करून तोंडात कोंबला, कोणी केळं सोललं, कोणी पाठीत बुक्के घातले, आई तर कपाळावर हात मारत म्हणाली, “खावपाचें विसरले गो हे!” नव्या कप्तानानं गाडी काढायला धाव घेतली.

तिसऱ्या गोळ्याबरोबर काटा गेला. सरांनी हातानं खूण करून सगळ्यांना बसवलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काकी म्हणाल्या, “कांटो मरे, कांट्याक लागून येता तें.” आम्ही माना डोलवल्या. काटा जाऊन बराच वेळ झाला तरी पाणी थांबेना. कोणी सरांकडे बघेना. “कितें जालें? सर खंय आसात?” साव्यो फोनमधून विचारत राहिला, तेव्हा बाबल्यानं हात लांब करून फोन भिंतीकडे वळवून ठेवला.

मग सरांनी डाव्या हातातल्या टोपीनं तोंड पुसलं, ताट पुढे ओढलं आणि माझ्या आईकडे सरळ बघत म्हणाले, “घाल गो आनीक एक.”